प्रबंध कपाटात का राहावा?

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेला एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी आम्हाला भेटायला आला. रसायनशास्त्रातील पीएच.डी. नुकतीच पूर्ण झाली होती. विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड अल्प खर्चात काढण्याची एक पद्धत त्याने प्रयोगशाळेत सिद्ध केली होती. यवतमाळ-चंद्रपूरकडे या पाण्याने दात आणि हाडे निकामी झालेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या संशोधनाचे मोल सांगायला नको. त्याने विचारले, "सर, कंपनी काढू की नोकरी बघू?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "आधी नोकरी." आज तो तासिका तत्त्वावर शिकवतो आणि त्याचा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात आहे. आमचा सल्ला अपुरा होता, हे कबूल करण्यासाठीच हा लेख.

संशोधनातून उद्योग उभा राहतो तो केवळ बुद्धीच्या बळावर नव्हे. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पीएच.डी.चे विद्यार्थी होते. १९९८ साली कंपनीची नोंदणी होण्यापूर्वीच अँडी बेक्टोल्शाइम यांनी त्यांना एक लाख डॉलरचा धनादेश दिला. ही भेट प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांच्या घरी झाली होती. शोधपद्धतीचे पेटंट विद्यापीठाच्या नावे होते. त्याच्या वापराच्या मोबदल्यात मिळालेले शेअर विद्यापीठाने पुढे सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलरला विकले. म्हणजे कल्पना विद्यार्थ्यांची. पण पेटंट आणि ओळख यांची सोय विद्यापीठाच्या परिसरातच झाली.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. परदेशात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन परतल्यावर बाबासाहेबांनी गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच ग्राहक फिरकेनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. विद्वत्तेत तसूभरही उणीव नव्हती. विश्वास टाकणारा ग्राहक तेवढा नव्हता.

जे भांडवल घरातून मिळत नाही, ते संस्थेने पुरवावे लागते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील 'व्हेंचर सेंटर' आणि आयआयटी मुंबईतील 'साइन' ही केंद्रे नवउद्योजकांना जागा व मार्गदर्शन देतात. २०२० मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातीच्या तरुणांसाठी 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इनक्युबेशन मिशन' जाहीर केले. त्यात निवडलेल्या कल्पनेला तीन वर्षांत ३० लाख रुपयांचे भांडवल देण्याची तरतूद आहे. परंतु योजना कागदावर असणे वेगळे आणि पहिल्या पिढीच्या संशोधकाला तिचा अर्ज कोणीतरी शेजारी बसून भरायला शिकवणे वेगळे.

म्हणून प्रत्येक विद्यापीठाने तीन गोष्टी कराव्यात, असे आमचे मत आहे. पहिली, पेटंटचे शिक्षण. शोधनिबंध आधी छापला की शोधाचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने सहसा संपते. आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले. प्राथमिक स्वरूपाचा अर्ज आधी करून संपूर्ण तपशील १२ महिन्यांत देता येतो, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. दुसरी, शिष्यवृत्ती संपल्यानंतर किमान एक वर्षाचे मानधन. आपली मुले शिष्यवृत्तीतूनही घरी पैसे पाठवतात. पगाराविना वर्ष काढणे त्यांना परवडत नाही. तिसरी, पहिला ग्राहक गाठून देणे. पाणी शुद्ध करणाऱ्या संशोधकाची ग्रामपंचायतीशी आणि पाणीपुरवठा खात्याशी गाठ विद्यापीठानेच घालून द्यावी.

यावर पालक म्हणतील, "नवे उद्योग बुडतात, मग आमच्या पोराने काय करायचे?" ही भीती खोटी नाही. कर्ज काढून शिकवलेल्या मुलाला धोका पत्करायला सांगण्याचा अधिकार आम्हालाही नाही. म्हणूनच तो धोका एकट्या कुटुंबाच्या माथी न मारता संस्थेने आणि समाजाने वाटून घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या कामी माजी विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. आपल्यात आज सनदी लेखापाल, वकील, अभियंते, बँक अधिकारी आहेत. एखाद्याने कंपनीची नोंदणी करून द्यावी, एखाद्याने करारनामा तपासावा, एखाद्याने केवळ एक ओळख करून द्यावी. वर्गणीइतकेच हेही दान आहे.

तो विद्यार्थी पुन्हा भेटेल तेव्हा आम्ही त्याला नोकरी सोड असे सांगणार नाही. त्याचा प्रबंध कपाटातून बाहेर काढून, तो कोणाला दाखवायचा याची यादी करायला त्याच्या शेजारी बसू. त्या यादीत स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणाचे नाव लिहावे?