विश्लेषण : बव्हेरियाने अटी लिहून घेतल्या, नेपल्सने नाही... आणि विदर्भाने?

सीबीएसईच्या दहावीच्या इतिहासात पहिलाच धडा युरोपातील राष्ट्रवादाचा आहे. मॅझिनी, काव्हूर, गॅरिबाल्डी, बिस्मार्क ही नावे पाठ होतात, सनावळ्या परीक्षेत उतरतात आणि विषय संपतो. वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्यासाठी मात्र हा धडा तेवढा परका नाही. लहान-मोठी राज्ये एका झेंड्याखाली आली, तेव्हा नंतर सामील झालेल्या प्रदेशाला काय मिळाले, हा त्यातला खरा प्रश्न आहे. तोच प्रश्न विदर्भात सात दशके विचारला जात आहे.

१८४८ ची क्रांती फसली, मग काय झाले?

१८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर इटली अनेक राज्यांत विभागलेली होती आणि जर्मन राज्यांची संख्या ३९ च्या घरात होती. १८४८ मध्ये दोन्हीकडे उदारमतवादी उठले. त्यांना राष्ट्र हवे होतेच. सोबत राज्यघटना, निवडून आलेली संसद आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्यही हवे होते. फ्रँकफर्टच्या संसदेने घटना तयार केली आणि प्रशियाच्या राजाला मुकुट देऊ केला. लोकप्रतिनिधींच्या हातून मुकुट घेणे त्याला कमीपणाचे वाटले. त्याने नकार दिला. रोममध्ये मॅझिनीचे प्रजासत्ताक १८४९ मध्ये काही महिनेच टिकले.

पुढचे काम लोकांनी नव्हे, दरबारांनी केले. पीडमाँटचा पंतप्रधान काव्हूर याने फ्रान्सची मदत घेऊन १८५९ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध केले. बिस्मार्कने १८६४, १८६६ आणि १८७०-७१ अशी तीन युद्धे लढवली. १७ मार्च १८६१ रोजी इटलीचे राज्य जाहीर झाले, तर १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायमध्ये जर्मन साम्राज्य. इथवरचा भाग पुस्तकात असतो.

नेपल्सचे काय झाले?

गॅरिबाल्डीने १८६० मध्ये सिसिली आणि नेपल्स जिंकून पीडमाँटच्या राजाच्या हवाली केले. ऑक्टोबरमध्ये सार्वमत झाले. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’; अटी घालायला जागाच नव्हती. प्रचंड बहुमताने ‘हो’ आले.

नवे राज्य किती नवे होते, हे दोन बारीक गोष्टींवरून कळते. व्हिक्टर इमॅन्युएल हा एकसंध इटलीचा पहिला राजा, पण त्याने स्वतःच्या नावापुढचा ‘दुसरा’ तसाच ठेवला. पीडमाँटच्या गादीवर तो दुसरा होता ना! संयुक्त इटलीच्या पहिल्या संसदेलाही आठवा क्रमांक मिळाला, कारण आधीच्या सात पीडमाँटच्या होत्या. म्हणजे एकत्र येऊन नवे घर बांधले गेले नाही, उत्तरेच्या घराला दक्षिणेची खोली जोडली गेली. प्रदेशांना काही अधिकार द्यावेत, ही मिंगेत्ती या मंत्र्याची १८६१ मधील योजना बारगळली. पीडमाँटचे कायदे, कर आणि सक्तीची सैन्यभरती दक्षिणेला लागू झाली. दक्षिणेत बंड पेटले. ते मोडायला १८६३ मध्ये खास कायदा करून लष्करी न्यायालये आणावी लागली. पुढे दक्षिणेतील लाखो लोक अमेरिकेला गेले. ‘दक्षिणेचा प्रश्न’ इटलीच्या राजकारणात आजही आहे.

बव्हेरियाची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर १८७० मध्ये तिने जर्मनीत सामील होण्याचा तह केला तो घासाघीस करूनच. रेल्वे, टपाल, बिअरवरचा कर आणि शांततेच्या काळात स्वतःच्या राजाच्या हुकमतीतले सैन्य, एवढे तिने राखून घेतले. (बिस्मार्कने बव्हेरियाच्या राजाला गुपचूप पैसेही पोचवले, हा भाग वेगळा.) ते साम्राज्य लोकशाही होते असे नाही, संसदेला चॅन्सेलर हटवता येत नव्हता. पण सामील होणाऱ्याच्या हातात कागद होता.

वर्ध्याशी याचा संबंध काय?

इटलीचे राज्य जाहीर झाले त्याच १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला आणि पुढच्या वर्षी नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा काढला. इटलीच्या एकीकरणाकडे डोळे चोळून पाहणारा माणूसही पुढे याच जिल्ह्यात राहायला आला. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये इटलीवर एक प्रकरण लिहिले. ऑस्ट्रियाचे सैन्य गेले, पण इटलीच्या सामान्य माणसाला काय मिळाले, असा त्यांचा सवाल होता. मॅझिनीला अभिप्रेत असलेले लोकांचे राज्य आलेच नाही, असे त्यांचे मत होते. १९३६ मध्ये ते शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, स्थिरावले.

स्वातंत्र्यानंतर मराठी मुलूख एकत्र आणताना विदर्भाने, निदान कागदावर, बव्हेरियाचा मार्ग धरला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने अटी घातल्या : निधीवाटप लोकसंख्येच्या प्रमाणात, त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे, नोकऱ्या व शिक्षणात वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचे पीठ आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्ध्यासह आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, नागपूरचे राजधानीपद गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

अटी पाळल्या गेल्या का?

पीठ आले, अधिवेशनही होते (कोविडच्या २०२० व २०२१ मध्ये ते मुंबईत झाले). पैशांचे गणित मात्र जमले नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यातला सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. आर्वी तालुक्यातील धनोडीच्या निम्न वर्धा प्रकल्पाला १९८१ मध्ये मान्यता मिळाली. कामे नव्या शतकातही चालूच राहिली. कलम ३७१ (२) खालची विकास मंडळे १९५६ च्या घटनादुरुस्तीनंतर तब्बल ३८ वर्षांनी, १९९४ मध्ये आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती संपू देण्याचे कोणतेही पटणारे कारण नव्हते.

विदर्भ वेगळा हवा की नको, यावर मतभेद राहतील. करारातली वार्षिक अहवालाची अट मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नाही. कोणत्या विभागाला किती दिले, किती खर्च झाले आणि किती परत गेले, याचा जिल्हावार हिशेब प्रत्येक हिवाळी अधिवेशनात पटलावर यावा. वर्धा जिल्ह्याच्या आमदारांना ही मागणी करायला वेगळ्या राज्याची वाट पाहावी लागत नाही.