सीईटीवाल्यांना कुणीतरी कोड फ्रीज शिकवा

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. हिंजवडीत शनिवारी साडेसातला जागा असणारा माणूस एकतर दूधवाला असतो नाहीतर ऑन-कॉल असतो. मी दोन्ही नव्हतो. मुलचेऱ्याहून मावसबहिणीचा फोन. बारावी सायन्सला आहे ती.

"दादा, सीईटी दोनदा द्याची का एकदाच?"

"दोनदा दे की. दोन्हीतला चांगला स्कोअर धरणार आहेत."

"पण मे मध्ये तेंदू रायते ना."

झोप उडाली ती उडालीच. दहा वर्षांपूर्वी हाच हिशोब आमच्याही घरात मांडला गेला होता, आणि पुण्यात राहून मी तो साफ विसरलो होतो.

ज्यांना मुलचेरा नकाशावर सापडणार नाही (ऑफिसात कुणालाच सापडत नाही, दाखवून दमलोय) त्यांच्यासाठी थोडक्यात. गडचिरोली जिल्ह्यातला तालुका. चहूकडे जंगल. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची इकडे वस्ती झाली, त्यामुळे बाजारात मराठी, गोंडी आणि बंगाली एकाच वेळी ऐकू येते. जिल्ह्यात रेल्वे म्हणाल तर पार वरच्या टोकाला वडशाला. बाकी एसटी जिंदाबाद. आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. हंगाम म्हणजे जेमतेम दहा-पंधरा दिवस. पहाटे अंधारात निघायचं, पानं तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळच्या आत फळीवर नेऊन मोजून द्यायचे. घरातले जितके हात, तितका पैसा. खरीपाचं बियाणं, शाळा-कॉलेजची फी, लग्नाचं देणं, सगळं त्यातून निघतं. बारावीच्या पोरीचे दोन हात दोन-तीन दिवस गेले तर घराला ते जाणवतं.

२०२६ पासून पीसीएम आणि पीसीबीची सीईटी वर्षातून दोनदा घ्यायचं ठरलं. एकदा एप्रिलमध्ये, एकदा मे मध्ये. पुण्यातल्या माझ्या मित्रांना हा निर्णय ऐकून आनंद झाला: "चला, एक दिवस खराब गेला म्हणून वर्ष जाणार नाही." बरोबरच आहे. मलाही निर्णय वाईट वाटत नाही. फक्त मुलचेऱ्यात एप्रिल म्हणजे मोहफुलांची शेवट-शेवटची वेचणी आणि मे म्हणजे तेंदू, हे ठरवणाऱ्यांच्या कॅलेंडरमध्ये नव्हतं. कसं असणार म्हणा.

आता माझी गोष्ट सांगतो. मी बारावी झालो २०१६ साली. आमची बॅच म्हणजे एक नमुना होती. आधी २००४ पासून राज्यात इंजिनिअरिंगला सीईटी होती. मग २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं सरकारने ती बाजूला ठेवून जेईई मेनचे निम्मे आणि बारावीचे निम्मे मार्क धरले. आम्ही अकरावीत गेलो ते हा नियम डोक्यात ठेवून. बारावीत पोचेपर्यंत पुन्हा सीईटी! आणि बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते. म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दीड वेळा खेळ बदलला.

लातूर किंवा नागपूरच्या क्लासमध्ये असे बदल एका रात्रीत पचवले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन टेस्ट सिरीज, नवीन मटेरियल, नवीन फ्लेक्स. आमच्याकडे ही बातमी आली, पण बातमीचा अर्थ आला नाही. परीक्षा बदलली एवढं कळलं. परीक्षेचा स्वभाव बदललाय हे कुणी सांगितलं नाही. जिओ यायला अजून चार महिने होते, माहितीपुस्तिका म्हणजे भलीमोठी इंग्रजी पीडीएफ, आणि नेटपॅक एक जीबीचा महिनाभर पुरवायचा.

५ मे २०१६, गुरुवार. आदल्या दिवशी आष्टी, चामोर्शी करत गडचिरोलीला पोचलो. बाबा सोबत. तेंदूचे दोन दिवस सोडून ते आले होते आणि बसमध्ये त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, हे मला आता जास्त लागतं. रात्री एका नातेवाईकांकडे मुक्काम. त्यांच्या शेजारचा पोरगा नागपूरला क्लास लावून आला होता. अंगणात खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "अबे, निगेटिव्ह नाही आहे लक्षात ठेव. एक पण गोळा रिकामा सोडू नको."

मी उठूनच बसलो. जेईईत चुकलेल्या उत्तराला एक मार्क कापतात, आणि दीड वर्षं आम्हाला ठोकून ठोकून हेच शिकवलं होतं: येत नसेल तर सोडा. सीईटीत तसं काही नाही, हे मला परीक्षेच्या आदल्या रात्री दहा वाजता खाटेवर कळलं!

सकाळी सेंटरच्या गेटवर माझा बेंच पार्टनर भेटला. बंगाली गावातला. घरात बंगाली, शाळेत मराठी, अकरावीत एकदम इंग्रजी, आणि तरी वर्गात गणितात माझ्या पुढे. आम्ही काय बोललो? ऊन किती आहे, परतीची गाडी कितीची आहे. बस्स. पहिला पेपर गणिताचा. सुटल्यावर विचारलं कसा गेला. म्हणाला, "चांगला गेला. वीसएक सोडले, उगाच रिस्क नको."

गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. चार पर्यायांतून डोळे मिटून वीस गोळे काळे केले तर सरासरीने पाच बरोबर येतात. दहा मार्क. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, प्रोबॅबिलिटी त्यानंच मला शिकवली होती. मी सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, दुसऱ्या पेपरात सगळे भरले. पण गणिताचा पेपर जमा झाला होता.

मला नागपूरच्या ज्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, तिथला कटऑफ त्याला सात मार्कांनी हुकला.

गेटवर मी त्याला का सांगितलं नाही? त्याला माहीत असेल असं वाटलं, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे सुचलंच नाही. माहिती हातात असली की ती सगळ्यांकडेच असणार असं वाटायला लागतं. हा रोग मला एका रात्रीत जडला, मंत्रालयात बसलेल्यांना इतक्या वर्षांत जडला असेल तर नवल नाही.

त्याच शाळेत त्या दिवशी बायोलॉजीची पोरंही बसली होती. त्यांची तर आणखी मजा. बरोबर एक आठवडा आधी, २८ एप्रिलला, सुप्रीम कोर्टाने मेडिकलला नीटच हवी असं सांगितलेलं. म्हणजे आपण देतोय ती सीईटी चालणार की नाही हे माहीत नसताना ती पोरं पेपर सोडवत होती. पुढे २४ मे ला केंद्राने अध्यादेश काढला आणि सरकारी जागांपुरती त्या वर्षाची सीईटी चालली. जवळजवळ महिनाभर घरोघरी काय चाललं असेल विचार करा.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुला परीक्षाच नको. तर नाही. उलट. मी सीईटीच्या बाजूचा माणूस आहे. फक्त बोर्डाच्या मार्कांवर ॲडमिशन झाल्या असत्या तर मी कुठे असतो कुणास ठाऊक. कुठल्या सेंटरवर कॉप्या चालतात, प्रॅक्टिकलचे मार्क कसे पडतात, हे ज्याला माहीत नाही तो महाराष्ट्रात शिकलेला नाही :) सीईटीची उत्तरपत्रिका मशीनने तपासली, आणि मशीनला माझं गाव माहीत नव्हतं. मुलचेऱ्याच्या पोराच्या हातात असा एक आकडा आला की जो पुण्यातल्या कॉलेजलाही मान्य करावा लागतो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ज्यांच्याकडे दुसरे आकडे (बापाचा पगार, काकांची ओळख) असतात त्यांना तिचं मोल कळत नाही.

तामिळनाडूने इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा २००७ पासून बंदच केली, बारावीच्या मार्कांवर प्रवेश देतात. वर सरकारी शाळेतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा, मेडिकलला २०२० पासून, इंजिनिअरिंगला २०२१ पासून. त्यांचं त्यांना लखलाभ. ती राखीव जागांची कल्पना मला आवडते, पण परीक्षा काढून टाकायला मी आजही तयार होणार नाही. निदान आपल्या बोर्डाच्या भरवशावर तरी नाही.

भाषेचाही मुद्दा नेहमी निघतो. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री मराठीतून देता येतं, गणित फक्त इंग्रजीत. लोक म्हणतात गणितही मराठीत द्या. द्या ना. पण माझा अनुभव सांगू? अकरावीत जेव्हा खरंच घाम फुटत होता, तेव्हा आमच्या हातातलं पुस्तक इंग्रजी होतं. दोन वर्षं 'मोमेंट ऑफ इनर्शिया' घोकल्यावर परीक्षेत समोर 'जडत्व आघूर्ण' आलं तर ते कुठल्या धड्यातलं हेच आठवत नाही. मराठीची गरज अकरावीच्या पहिल्या महिन्यात होती. असो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

माझं भांडण आहे ते नियम मध्येच बदलण्याशी. आमच्या धंद्यात रिलीजच्या आधी कोड फ्रीज म्हणून एक प्रकार असतो. तारीख ठरली की त्यानंतर कुणीही, अगदी मॅनेजरचा मॅनेजर आला तरी, फीचर बदलायचं नाही. बदल वाईट असतो म्हणून नव्हे. बदलाची किंमत शेवटी जो टोकाला बसलाय तो मोजतो म्हणून. तसंच इथे का नको? पोरगं जून महिन्यात अकरावीत पाऊल टाकतं त्या दिवशी जे नियम असतील, तेच त्या बॅचला बारावीनंतर लागू. परीक्षा कुठली, मार्क कसे, किती वेळा, बारावीचं वजन किती. नवीन काही करायचंय? खुशाल करा, पण पुढच्या बॅचपासून. दोन वर्षांत ती माहिती एसटीने जरी आली तरी मुलचेऱ्याला पोचते.

आणि जरा टेस्टिंगही करा राव. परीक्षा २०१९ पासून कॉम्प्युटरवर गेली, चांगलं झालं. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये एका शिफ्टला गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले. एकवीस! आमच्याकडे असं बिल्ड प्रॉडक्शनला गेलं असतं तर त्या आठवड्यात टीममधल्या निम्म्या लोकांनी लिंक्डइन अपडेट केलं असतं. त्या शिफ्टच्या सुमारे २७ हजार मुलांची ५ मे ला फेरपरीक्षा घेतली. पुण्यातल्या मुलासाठी फेरपरीक्षा म्हणजे आणखी एकदा रिक्षा. गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या मुलासाठी पुन्हा एसटी, पुन्हा मुक्काम, पुन्हा सोबत कोण जाणार, आणि पुन्हा मे महिना.

तर मावसबहीण. फोनवर तिला आधी पर्सेंटाइल समजावलं, कारण तिला वाटत होतं ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरात नव्वद मार्क. ("मंग थे नव्वद मले कसे पडतीन?") तुझ्या शिफ्टमध्ये तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्क पडलेले शंभरात किती, एवढाच त्याचा अर्थ, असं सांगितलं. मग म्हटलं, सगळ्यात महत्त्वाचं ऐक, निगेटिव्ह...

"माहीत आहे दादा. निगेटिव्ह नाही. फॉर्मवाल्या दादानं पावतीच्या मागं लिहून देल्लं."

फॉर्मवाला दादा म्हणजे माझा तोच बेंच पार्टनर. बीएस्सी करून त्यानं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, फॉर्म, झेरॉक्स, दाखले. सीईटीचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक पोराला तो हे लिहून देतो म्हणे. मला त्यानं कधी सांगितलं नाही. आम्ही दिवाळीत भेटतो तेव्हा अजूनही उन्हाबद्दल आणि गाड्यांबद्दलच बोलतो.

मी तिला म्हटलं, एप्रिलची दे, पर्सेंटाइल बघ, मग मे चं ठरवू. तेंदूच्या दिवसांचे जितके पैसे बुडतील तितके मी मावशीला पाठवतो. तिकडे जरा वेळ शांतता. मग मावशीनंच फोन घेतला. म्हणाली, पैशाचं राहू दे रे, फळीवर मी एकटी जाईन. पण सेंटर गडचिरोली सोडून चंद्रपूरला नाहीतर नागपूरला आलं तर पोरीनं रात्री राहायचं कुठं, तेवढं सांग.

चंद्रपूरला माझा एक रूममेट आहे, त्याच्या घरी विचारलंय. नागपूरला तिला सोयीची पडेल अशी ओळखीची कुणी नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं घर असेल तर कळवा.