पाटीवर नंबर कुठे आहे?

रिक्षा चालवायची तर लायसन्स लागतं. औषधाचं दुकान काढायचं तर फार्मासिस्ट लागतो. दुसऱ्याच्या मनात हात घालायचा तर मात्र एक पाटी रंगवून आणली की झालं! आमच्या बेळगावात अशा पाट्या वाढल्यात, आणि पाटीखाली कोण बसलंय हे विचारायची आपली रीतच नाही.

कायदे नाहीत असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना आणि समुपदेशकांना २०२१च्या कायद्याने आरोग्य व्यवसायांच्या यादीत घेतलं. पण राज्याराज्यांतली नोंदणी अजून रांगतेच आहे. या फटीतून चार रविवारांचा ऑनलाइन कोर्स केलेली माणसं आत शिरतात.

आमच्या नात्यातली एक लेक मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या घेत होती. एका 'काउन्सेलर' बाईंनी तिला सांगितलं, गोळ्या बंद कर, मन घट्ट कर. औषध द्यायचा अधिकार ज्यांना नाही, त्यांना ते थांबवायचा कुठून आला? महिन्याभरात लेकीची झोप गेली ती गेलीच. वर तिच्या संसारातली गोष्ट हळदीकुंकवात फिरून सासूच्या कानावर आली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. त्याच्या कितीतरी आधी 'भगवती आराधने'त आचार्यांचे गुण सांगितलेत, त्यात एक आहे 'अपरिस्रावी', म्हणजे आलोचना ऐकून ती बाहेर पाझरू न देणारा. ऐकणाऱ्याची पात्रता आपल्याकडे तेव्हाच ठरवलेली होती!

"अक्का, खरे डॉक्टर मिळतात कुठे? धारवाडला कोण जाणार?" असं मैत्रिणी म्हणतात. धारवाडच्या डिमहान्सला हेलपाटे घालणं सोपं नाही, कबूल. ऐकून घेणारं माणूसही लागतंच. त्याने ऐकावं, चहा पाजावा. पण समोरची मुलगी मरणाची भाषा बोलू लागली की आपलं काम संपलं, आता पुढे पाठवायचं, एवढं त्याला कळायला हवं. निदान १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट नंबर तरी जवळ ठेवावा.

लायसन्स असलेला माणूस चांगलाच असेल असं मी म्हणत नाही. पण तो चुकला तर तक्रार करायला एक दार असतं. आमच्या लेकीने कुणाकडे जायचं? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. या पाटीवर तो नसेल तर पैसे देण्याआधी विचारा, आणि उत्तराऐवजी नुसतं हसू मिळालं तर चपला घाला नि बाहेर पडा.