याला जुगाड म्हणू नका

गेल्या जुलैत ताम्हिणी घाटात माझ्या गाडीची पुढची काच आतून धुरकटली. शेजारी आई, बाहेर धो धो पाऊस आणि समोरून येणारी एसटी. काचेवर हवा सोडायचं बटण दाबलं. पण हवा काचेवर जातेय की पायांवर, गरम आहे की गार, काहीच कळेना. ते सांगणारा एसीचा डिस्प्ले मेला होता. एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं, असा मी तो घाट उतरलो.

गाडी २००७ची. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. इंजिन ठणठणीत. डिस्प्ले मात्र वर्षभर कुरकुरत होता. आधी २४मधला ४ अर्धाच दिसायचा. मग सकाळी पूर्ण अंधार आणि गाडी तापली की पुन्हा उजेड. डॅशबोर्डवर थाप मारली तरी आकडे परत यायचे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पॅनेल कुणी उघडूनही पाहिलं नाही. “सर, पूर्ण युनिट बदलावं लागेल. ४२ हजार.” नुसता डिस्प्ले? “तो वेगळा येत नाही.” दोन दिवसांनी फोन आला, की युनिटही आता येत नाही, त्यापेक्षा गाडी एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, चांगली ऑफर आहे.

म्हणजे चार आकडे दिसत नाहीत म्हणून अख्खी गाडी मोडीत काढायची!

रविवारी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, थोडा वेळ थांबलो, प्लॅस्टिकच्या पट्टीने पॅनेलची कड उचकटली. चार स्क्रू, दोन कनेक्टर, आणि युनिट हातात. ते घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या काकांनी आधी एकच प्रश्न विचारला, “गार असताना जातो की गरम झाल्यावर?” गार असताना, म्हटलं. त्यांनी मान हलवली, बोर्ड भिंगाखाली धरला आणि मला दाखवला. डिस्प्लेच्या एका पिनेभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर होती.

उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड भाजून निघतो, रात्री गार होतो. तांबं, सोल्डर आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आकसतात. त्यात आपले रस्ते. काही वर्षांत डाग सुटतो. गाडी तापली की चीर मिटते आणि आकडे दिसतात. काकांनी जुना डाग साफ केला, फ्लक्स लावून नवा दिला, आजूबाजूच्या पिनांनाही देऊन टाकला. वीस मिनिटं, ४०० रुपये. तेव्हापासून डिस्प्ले एकदाही गेलेला नाही.

मित्रांना सांगितलं तर सगळे म्हणाले, “भारी जुगाड!”

माझं भांडण या शब्दाशी आहे. डिस्प्लेखाली काडेपेटी कोंबली असती तर तो जुगाड झाला असता. लक्षण विचारणं, त्यावरून कारण ओळखणं आणि नेमका तेवढाच भाग बरा करणं याला निदान म्हणतात, आणि डॉक्टरने केलं तर आपण त्याची फी निमूटपणे देतो. पण ते गल्लीतल्या माणसाने केलं की जुगाड, आणि न उघडता ४२ हजार सांगितले की ‘ऑथोराइज्ड’. काउंटरवरच्या मुलाचा दोष नाही; त्याला उघडायला शिकवलेलंच नाही. ‘येत नाही’ हे कुणीतरी वर बसून ठरवलेलं असतं.

हा फक्त माझा संताप नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, हाच मुद्दा होता. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे माहितीचा फलक. सुटा भाग आणि सर्किटचा नकाशा द्यायलाच लावेल, असा कायदा हवा.

कंपन्या म्हणतात, बाहेर उघडणं असुरक्षित आहे. एअरबॅगच्या किंवा ब्रेकच्या बाबतीत काळजी समजू शकतो. तिथे प्रशिक्षणाची अट घाला, परवाने द्या. पण त्या घाटात मला धोका कुणामुळे झाला? डिस्प्ले उघडणाऱ्यामुळे नव्हे, उघडायला नकार देणाऱ्यामुळे.

तुमच्याकडे गाडी नसेलही. पण ज्या फोनवर हे वाचताय, त्याची बॅटरी गोंदाने चिकटवलेली आहे. ती उतरली की तुम्हालाही नवा फोन घ्यायचा सल्ला मिळेल. तेव्हा लगेच ऑफर बघू नका. “नेमकं काय बिघडलंय? उघडून दाखवा,” असं म्हणा. दाखवलं नाही, तर तपकीर गल्लीसारखी गल्ली शोधा. आणि तिथून काम करून आलात की त्या माणसाला जुगाडू म्हणू नका. त्याने तुमची वस्तू दुरुस्त केली आहे.