कवीच्या घरातलं स्वयंपाकघर

स्कॉटलंडला फिरायला गेलेली आपली मंडळी एडिंबरोचा किल्ला बघतात, लॉख नेसला फोटो काढतात आणि परत येतात. माझं मत असं, की मुलं बरोबर असतील तर एक दिवस अ‍ॅलोवेसाठी ठेवावा. एअर शहराजवळच्या या गावात २५ जानेवारी १७५९ रोजी कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्म झाला. ते घर अजून उभं आहे.

घर कसलं, लांबट झोपडीच ती! बर्न्सच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आणि माणसं व गुरं एकाच छपराखाली. बर्न्स जन्मला आणि थोड्याच दिवसांत वादळात भिंतीचा काही भाग कोसळला. बाळ-बाळंतिणीला शेजाऱ्यांकडे हलवावं लागलं. जवळच मोठं संग्रहालय आहे, तिथे कवीची हस्तलिखितं आहेत. तेही बघा. पण आधी या घराच्या स्वयंपाकघरात थोडा वेळ थांबा.

कारण बर्न्सची भाषा इथे तयार झाली. आई अ‍ॅग्नेसला लिहिता येत नव्हतं, पण जुनी गाणी तिला पाठ होती. नात्यातली एक बाई, बेटी डेव्हिडसन, भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. हे सगळं स्कॉट्स भाषेत. मास्तर मात्र इंग्रजी शिकवायचे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. ओळखीचं वाटतंय ना?

स्कॉट्समध्ये मुलाला 'बेर्न' म्हणतात आणि माहीत असण्याला 'केन'. पुष्कळांना ती बिघडलेली इंग्रजी वाटायची. काहींना अजूनही वाटते. इंग्रजीत लिही, असा सल्ला बर्न्सला हितचिंतकांनीच दिला होता. त्याला इंग्रजी चांगली येत होती, त्याने तिच्यातही लिहिलं. पण १७८६ साली किल्मार्नॉकला त्याचं पहिलं पुस्तक छापलं गेलं, तेव्हा या कविता मुख्यतः स्कॉटिश बोलीतल्या आहेत हे त्याने नावातच सांगून टाकलं. शेवटी कठीण शब्दांचे अर्थ दिले. प्रती होत्या ६१२. त्या लवकरच संपल्या.

आता आपल्या मराठी वर्गाकडे बघू. एखादी मुलगी आजीकडून ऐकलेलं 'मले पायजे' म्हणते, आणि आपण लगेच सांगतो, "'मला पाहिजे' म्हण." वहीत 'मला पाहिजे' लिहायला शिकवलंच पाहिजे, नाहीतर ती मराठी पुस्तकं वाचणार कशी? पण 'मले' चूक नाही, ती तिच्या घरची वऱ्हाडी आहे. त्यावर लाल शेरा मारला, की मुलगी आजीशी फोनवर बोलतानाही अडखळते आणि शेवटी इंग्रजीत उत्तर देते. बिचारी आजी नुसती "हो, हो" म्हणत राहते.

बर्न्सने केलं ते आपल्यालाही जमेल. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखायचे: एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला.

ग्लासगोहून एअरपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस मिळते. जाताना ती वही बरोबर घ्या. 'केन' आणि 'बेर्न'साठी तिसरा रकाना आखावा लागेल.