थायरॉइडचा आकडा आणि आपली घाई

गेल्या महिन्यात बत्तीस वर्षांच्या एक बाई फाईल घेऊन दवाखान्यात आल्या. तपासणीच्या पॅकेजमध्ये टीएसएच ६.८ निघाला होता आणि त्याखाली ‘अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह’ असे ठळक छापले होते. ‘‘डॉक्टर, हा कॅन्सर तर नाही ना? आता जन्मभर गोळी का?’’ दोन रात्री त्यांना झोप नव्हती. त्याच आठवड्यात दुसऱ्या एक बाई आल्या. गोळी चालू असताना टीएसएच नॉर्मल आला म्हणून त्यांनी शेजारणीच्या सल्ल्याने ती बंद केली होती. सहा महिन्यांनी चेहऱ्यावर सूज, आवाज घोगरा आणि टीएसएच ७० च्या वर! एक आकड्याला घाबरली, दुसरी आकड्यावर विसंबली. दोष त्यांचा थोडा; समजावून न सांगणाऱ्या आम्हा डॉक्टरांचा जास्त.

थायरॉइड ही गळ्यातली छोटी ग्रंथी. तिला काम सांगते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी, आणि टीएसएच हा तिचा हुकूम. थायरॉइड कामात कमी पडली की हुकमाचा आवाज चढतो. म्हणून टीएसएच वाढला, तर थायरॉइडचे काम मंदावले असे समजावे. पुष्कळांना हे उलटे वाटते.

पूर्वी थायरॉइड म्हटले की आयोडीनच्या अभावाने होणारे गलगंड आठवत. त्यासाठी सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि पुढे आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचले. आज शहरात थायरॉइड मंदावण्याचे मोठे कारण वेगळे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या ग्रंथीला परकी समजून हळूहळू पोखरते. जपानी सर्जन हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली चार रुग्णांवरून या विकाराचे वर्णन केले. त्यांचेच नाव त्याला मिळाले. अँटी-टीपीओ ही त्या लढाईची खूण. तिचा अर्थ कॅन्सर नव्हे.

मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात थायरॉइड मंदावलेले सुमारे ११ टक्के निघाले, पण अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह सुमारे २२ टक्के! म्हणजे अँटीबॉडी असलेल्या प्रत्येकाला आजार असतोच असे नाही. पुढे होण्याची शक्यता मात्र जास्त, म्हणून वर्षातून एकदा टीएसएच तपासावा. अँटीबॉडीची तपासणी एकदा पुरे. तिचा आकडा पाहून गोळीचा डोस ठरत नाही. दर वेळी ती करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

टीएसएच थोडा वाढलेला, दहाच्या आत, आणि टी-४ नॉर्मल असेल तर घाई नको. दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, शक्यतो त्याच वेळी पुन्हा तपासावे. नुकतेच मोठे आजारपण झाले असेल तर आकडा हलतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून त्या दोन-तीन दिवस आधी थांबवा. पुष्कळदा दुसऱ्या वेळी टीएसएच आपोआप खाली आलेला दिसतो. मात्र आकडा दहाच्या वर टिकला, त्रास स्पष्ट असला, किंवा बाई गरोदर असली वा तसा विचार असला, तर थांबू नये. लगेच डॉक्टरांना भेटावे. पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असते.

गोळी सुरू झाली तर सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासावे, कारण टीएसएच सावकाश स्थिरावतो. आणि तो नॉर्मल आला, तर ते गोळीचे यश आहे. गोळी थांबवण्याचा परवाना नव्हे.

लग्न जमताना ही गोळी लपवणारी घरे मी पाहिली आहेत. कृपा करून असे करू नका. लपवलेली गोळी चुकते, आणि नेमकी गरोदरपणात चुकते. दिवसाला एक छोटी गोळी घेणारी मुलगी सर्वांसारखाच संसार करते. चष्मा लावणाऱ्याला आपण आजारी म्हणतो का?

पहिल्या बाईंना मी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे, गोळी न देता. दुसरीची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. रिपोर्ट जरूर करावा, पण त्याच्या शेजारी माणूस बसवूनच तो वाचावा.