काळ्या आंब्याखालचे 'जर-तर'

जपानमध्ये १९९४ साली 'कामाइताची नो योरु' नावाची एक भयकथा आली, पण पुस्तकाच्या दुकानात नव्हे, तर टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रावर. लेखक ताकेमारु आबिको. बर्फाने वेढलेल्या लॉजवर मुक्कामाला आलेली माणसे एकेक करून मारली जातात. पडद्यावर मजकूर उमटत जातो आणि मध्येच थांबून वाचकालाच विचारतो, आता काय करायचे? उत्तर चुकले की मुडदे पडतात. मग मागे जायचे, दुसरी वाट धरायची. पुढे ही कथा इतर यंत्रांवर आली, तिच्यावर टीव्ही नाटक झाले, २०१४ मध्ये ती इंग्रजीतही गेली.

मराठी माणसाला हा खेळ नवा वाटू नये. पानिपतच्या बाबतीत तो अडीचशे वर्षे हेच करीत आला आहे.

पानिपत शहराबाहेर काला अंब आहे. इथे एक आंब्याचे झाड होते. १४ जानेवारी १७६१ रोजी सांडलेल्या रक्ताने माती काळवंडली आणि आंब्याचा रसही लाल निघू लागला, अशी आख्यायिका. रक्त काही मुळांतून चढून फळात उतरत नाही. पण गोष्ट टिकली. झाड केव्हाच गेले, आता तिथे स्मारकाचा स्तंभ उभा आहे. दर संक्रांतीला मराठी माणसे तिथे जाऊन माथा टेकतात.

खरी भीती झाडात नाहीच, ती फाट्याफाट्यावर आहे. बायकामुले आणि जड तोफा मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, हा सूरजमल जाटाचा सल्ला भाऊंनी मानला असता तर? ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकल्यावर यमुनेचे उतार राखले असते तर? अब्दाली बागपताजवळ नदी उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. मग अडीच महिने कोंडी, दाण्यागोट्याची टंचाई, छावणीत उपाशी माणसे नि मरणारी जनावरे. आणि त्यांत यात्रेच्या आशेने सोबत आलेली कुटुंबेही. शेवटी विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरले, हौदा रिकामा दिसला आणि फौजेचा धीर सुटला. ते उतरले नसते तर?

मागे जाण्याची सोय इथे नाही. म्हणून कथाच पुन्हा पुन्हा लिहिली गेली. आधी बखरी झाल्या. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. १९८८ मध्ये विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी आली आणि तिच्यावरून वामन केंद्रे यांनी 'रणांगण' रंगमंचावर आणले. २०१९ मध्ये आशुतोष गोवारीकरांचा चित्रपट आला. शेवट मात्र कोणालाच बदलता आला नाही.

बदलायचा प्रयत्न केला तो एका तोतयाने. 'मीच भाऊ' म्हणून तो उभा राहिला, काही सरदारही त्याच्या मागे गेले. १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मात्र स्वतःला विधवा मानायला तयार नव्हत्या. १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांनी कुंकू पुसले नाही.